विस्मृतीची राजाज्ञा

राजे आपल्या प्रजेला नाना प्रकारच्या आज्ञा करीत आले आहेत. कर भरा, फौजेत या, अमुक सण पाळा, तमुक नाणे वापरू नका, अशा आज्ञांनी जगातील दप्तरखाने भरलेले आहेत. परंतु ‘झाले गेले विसरून जा’ अशी आज्ञा, रीतसर कलमे पाडून आणि राजमुद्रा उठवून, क्वचितच काढली गेली असेल. १५९८ च्या एप्रिल महिन्यात फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याने ब्रिटनी प्रांतातील नान्त या शहरी जी प्रसिद्ध राजाज्ञा काढली, तिच्या पहिल्याच कलमाचा विषय हा होता. गेल्या यादवीत दोन्ही पक्षांकडून जे जे घडले त्याची आठवण विझलेली समजावी, जणू ते घडलेच नाही असे मानावे, आणि कोणत्याही सरकारी वकिलाने वा खासगी माणसाने त्यावरून कोठल्याही न्यायालयात फिर्याद आणू नये, असे ते कलम सांगते. दुसरे कलम आणखी पुढे जाते. मागील गोष्टी उकरून कोणी कोणास डिवचू नये, लागेल असे बोलू नये. सर्वांनी बंधूंप्रमाणे, मित्रांप्रमाणे, एका राज्याच्या रहिवाशांप्रमाणे नांदावे. आणि जो हे मोडील तो शांततेचा भंग करणारा म्हणून शिक्षेस पात्र होईल.

आपल्याकडे त्या वेळी अकबर बादशहाच्या कारकिर्दीची अखेरची वर्षे चालू होती. तिकडे फ्रान्समध्ये छत्तीस वर्षे चाललेली धर्मयुद्धे थांबत होती. एकाच देशाचे आणि एकाच ख्रिस्ताला भजणारे लोक दोन पंथांत विभागले जाऊन एकमेकांचे गळे कापीत आले होते. अशा लोकांना विसरण्याचा हुकूम करता येतो काय? हुकूम देहावर चालतो, मनावर तो कसा चालावा? आणि तरीही या राजाज्ञेने घालून दिलेली व्यवस्था, ठेचकाळत का होईना, सत्त्याऐंशी वर्षे टिकली. ती कशाने टिकली आणि कशाने मोडली याचा शोध घेऊ लागले म्हणजे रणांगणापेक्षा कचेऱ्यांकडे, न्यायालयांकडे आणि स्मशानभूमींकडेच अधिक पाहावे लागते. दोन पंथांमधील शांतता कारभारात जगते आणि बहुधा कारभारातच मरते, हे या इतिहासाचे सार आहे.

कलहाची सुरुवात सोळाव्या शतकाच्या मध्यास झाली. जॉन कॅल्व्हिन हा जन्माने फ्रेंच. जिनीव्हात राहून त्याने दिलेली शिकवण फ्रान्समधील कारागीर, व्यापारी, वकील आणि बरेचसे सरदार यांच्यात झपाट्याने पसरली. या फ्रेंच प्रॉटेस्टंटांना ह्यूगेनॉट हे नाव पडले. १५५९ साली राजा दुसरा हेन्री दरबारी खेळात जखमी होऊन मरण पावला आणि गादीवर एकामागून एक अल्पवयीन मुले आली. मध्यवर्ती सत्ता दुबळी झाली की घराण्यांचे वैर आणि पंथांचे वैर एकमेकांत गुंतते. कॅथलिकांचे नेतृत्व गीझ घराण्याकडे गेले, ह्यूगेनॉटांचे बूर्बाँ घराण्यातील राजपुत्रांकडे व ॲडमिरल कोलिन्यीकडे. राजमाता कॅथरिन द मेदिची दोघांच्या मध्ये तोल सावरीत राहिली. तिचा चॅन्सेलर मिशेल द लोपिताल याने १५६० साली ओर्लेआँ येथील सभेत, ‘ल्यूथरवाले’, ‘ह्यूगेनॉट’, ‘पोपवाले’ ही फुटीची नावे टाकून ख्रिस्ती हे एकच नाव ठेवावे, अशी विनवणी केली. त्याचे म्हणणे फारच थोड्यांनी ऐकले. १ मार्च १५६२ रोजी वासी या लहानशा गावी एका कोठारात प्रार्थना करीत असलेल्या ह्यूगेनॉटांवर गीझच्या ड्यूकचे शिपाई तुटून पडले, आणि युद्धाला तोंड लागले.

त्यानंतरच्या छत्तीस वर्षांत इतिहासकार आठ युद्धे मोजतात. आठ युद्धे म्हटली म्हणजे मधले तह आलेच. १५६३ साली अँबवाज, १५६८ साली लाँझ्युमो, १५७० साली साँ-झेर्माँ, १५७६ साली बोल्यू, आणि आणखीही काही. लाँझ्युमोचा तह सहा महिनेही धड टिकला नाही. बोल्यूच्या तहाने ह्यूगेनॉटांना इतके भरभरून दिले की चिडलेल्या कॅथलिकांनी त्याच वर्षी आपली ‘लीग’ उभारली. म्हणजे नान्तची राजाज्ञा ही आकाशातून पडलेली नव्हती. तिच्यातील बहुतेक कलमे, विस्मृतीचे कलमसुद्धा, आधीच्या फसलेल्या तहांत सापडतात. शहाणपण पूर्वीही कागदावर उतरले होते. त्या कागदाची अंमलबजावणी करील असा हात मात्र मिळाला नव्हता.

त्या काळातील सर्वांत काळा दिवस २४ ऑगस्ट १५७२ हा. दोन्ही पंथांचे मनोमीलन व्हावे म्हणून राजकन्या मार्गरेट हिचा विवाह नावारचा तरुण ह्यूगेनॉट राजा हेन्री याच्याशी १८ ऑगस्टला पॅरिसमध्ये लावण्यात आला. लग्नासाठी ह्यूगेनॉट सरदार राजधानीत जमले होते. चार दिवसांनी कोलिन्यीवर गोळी झाडली गेली, आणि पुढे दोन दिवसांनी, सेंट बार्थोलोम्यूच्या सणाच्या पहाटे, कत्तल सुरू झाली. एकट्या पॅरिसमध्ये दोन ते तीन हजार माणसे मारली गेली असावीत असा आजच्या इतिहासकारांचा अंदाज आहे. पुढील काही आठवड्यांत ओर्लेआँ, लियाँ, रुआँ, बोर्दो अशा डझनभर शहरांत तेच घडले. मारणारे पुष्कळदा त्याच गल्लीतले असत. परंतु रक्ताचा डाग एकाच पक्षाच्या हाताला नव्हता. १५६७ साली निम शहरी ह्यूगेनॉटांनी कॅथलिक धर्मोपदेशक व नागरिक यांची हत्या केली होती. मठ जाळणे, मूर्ती फोडणे, थडगी उकरणे हे तर दक्षिणेत नित्याचे झाले होते. दोन्ही बाजूंच्या घरोघर कोणी ना कोणी गेलेले, आणि प्रत्येकाला आपले तेवढे मृत आठवणारे, अशी देशाची स्थिती झाली.

त्या लग्नातला वर, नावारचा हेन्री, हाच पुढे फ्रान्सचा चौथा हेन्री झाला. कत्तलीतून तो प्राणभयाने कॅथलिक होऊन वाचला, चार वर्षांनी दरबारातून निसटून पुन्हा प्रॉटेस्टंट झाला. १५८९ साली राजा तिसरा हेन्री एका माथेफिरू संन्याशाच्या सुरीने मारला गेला तेव्हा वारसाहक्काने मुकुट याच्याकडे आला. पण लीग आणि पॅरिस त्याला राजा मानीनात. चार वर्षे लढून जे साधले नाही ते त्याने २५ जुलै १५९३ रोजी साँ-देनी येथे कॅथलिक पंथ स्वीकारून साधले. पुढच्या मार्चमध्ये पॅरिसने दरवाजे उघडले. लीगचे जे सरदार तलवारीने वाकेनात त्यांना त्याने पैशाने व पदांनी वाकवले. या सौद्यांपायी तीन कोटींहून अधिक लिव्र खर्ची पडले, असा हिशेब त्याचा मंत्री सल्ली याने लिहून ठेवला आहे. शांतता अशी विकत घेणे कमीपणाचे, असे म्हणणारे तेव्हाही होते. छत्तीस वर्षांच्या युद्धाची किंमत त्यांनी या हिशेबाशेजारी मांडून पाहिली नव्हती, इतकेच. ब्रिटनीतील लीगचा शेवटचा मोठा सरदार मर्करचा ड्यूक मार्च १५९८ मध्ये शरण आला, आणि त्याच्याच सत्तेच्या केंद्री, नान्त येथे, राजाने ही आज्ञा काढली. मे महिन्यात स्पेनशीही तह झाला.

राजा कॅथलिक झाल्यावर त्याचे जुने सोबती ह्यूगेनॉट साशंक झाले होते. त्यांच्या सभांशी चार वर्षे वाटाघाटी चालल्या. स्पॅनिश फौजेने १५९७ मध्ये आमियाँ घेतले तेव्हाही आपल्या मागण्या पुऱ्या झाल्याशिवाय मदत करण्यास त्यांच्यातील बरेच पुढारी तयार नव्हते. राजाच्या बाजूने बोलणी करणाऱ्यांत जाक-ऑग्युस्त द थू हा कॅथलिक न्यायाधीश व इतिहासकार होता, तसाच सोफ्रे द कालिन्याँ हा ह्यूगेनॉटही होता. कोणा एका महात्म्याच्या हृदयातून ही आज्ञा स्रवली नाही. दमलेल्या, एकमेकांवर अविश्वास असलेल्या माणसांनी ओळीओळीवर हुज्जत घालून ती तयार केली, आणि तिचे बळही त्या हुज्जतीतच आहे.

ब्याण्णव सर्वसाधारण कलमे, छप्पन्न खासगी कलमे आणि राजाची दोन स्वतंत्र आश्वासनपत्रे, एवढा तिचा पसारा. सारी कलमे वाचून काढली तर त्यांत सहिष्णुतेचे गौरवगान कोठेही नाही. आहेत ते रोजच्या जगण्यातले तंटे आणि त्यांवरचे तोडगे. राज्यात सर्वत्र कॅथलिक पूजा पुन्हा सुरू व्हावी. ह्यूगेनॉटाला राज्यात कोठेही राहता यावे आणि त्याच्या श्रद्धेबद्दल घरात शिरून कोणी चौकशी करू नये. त्यांची जाहीर प्रार्थना १५९६ व १५९७ या वर्षांत जेथे चालत होती तेथे चालावी, शिवाय प्रत्येक जिल्ह्यात ठरावीक जागी चालावी. पॅरिसमध्ये व त्याच्या भोवती पाच लीग, म्हणजे सुमारे वीस किलोमीटर, ती होऊ नये. शाळा, विद्यापीठे व इस्पितळे यांत पंथावरून भेद करू नये. सरकारी पदे दोघांनाही खुली असावीत. आईबापांच्या इच्छेविरुद्ध मुले उचलून नेऊन त्यांना बाप्तिस्मा देऊ नये. ह्यूगेनॉटांनी कॅथलिक सणांच्या दिवशी दुकाने उघडी ठेवू नयेत आणि धर्मकर भरीत राहावे; मिरवणुकीच्या दिवशी आपल्या घराचा दर्शनी भाग सजवण्याची सक्ती मात्र त्यांच्यावर नाही. तो गावच्या अधिकाऱ्यांनी सजवावा, घरमालकाने फक्त आड येऊ नये आणि खर्चही देऊ नये. या शेवटच्या कलमात किती भांडणांचा अनुभव साठलेला आहे! मिरवणुकीचा मार्ग, दारावरचे तोरण, प्रेत पुरण्याची जागा, यांवरूनच माणसे एकमेकांच्या जिवावर उठतात, हे ती कलमे लिहिणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून ह्यूगेनॉटांना दफनासाठी जागा मिळालीच पाहिजे आणि ती विनाविलंब मिळाली पाहिजे, अशी ताकीद अधिकाऱ्यांना दिली गेली.

विस्मृतीच्या कलमालाही एक मर्यादा घातलेली होती. युद्धाच्या ओघात जे घडले ते माफ. परंतु स्त्रियांवरील बलात्कार, जाळपोळ, दगा देऊन केलेले खून आणि लूट ही युद्धाच्या गरजेबाहेर, खासगी सुडापोटी केलेली असतील तर त्यांना ही माफी लागू नव्हती. सारेच विसरा असे राजाने म्हटले नाही. कोणत्या गोष्टीचा सूड आता मागायचा नाही आणि कोणती गोष्ट माफीच्या आड लपू द्यायची नाही, यात त्याच्या कायदेपंडितांनी भेद केला होता.

आता अंमलबजावणी. फ्रान्समधील पार्लमां म्हणजे कायदेमंडळे नव्हेत. ती प्रांतोप्रांतीची वरिष्ठ न्यायालये होती, आणि त्यांनी नोंद केल्याशिवाय राजाज्ञा त्या प्रांतात लागू होत नसे. पॅरिसच्या पार्लमांने अडवणूक केली. १५९९ च्या आरंभी हेन्रीने न्यायाधीशांना राजवाड्यात बोलावले. राजवस्त्रे अंगावर न घालता, घरातल्या कर्त्या पुरुषासारखा साध्या पोशाखात आपण मुलांशी बोलावयास आलो आहोत असे त्याने आरंभी सांगितले, आणि पुढे चांगल्याच कडक शब्दांत त्यांची कानउघाडणी केली. २५ फेब्रुवारीला नोंद झाली, तीही काही फेरफार करवून घेऊन. रुआँच्या पार्लमांने तर पूर्ण नोंद १६०९ पर्यंत लांबवली. राजाची सही होऊन अकरा वर्षे लोटली तरी एका मोठ्या प्रांतात कायदा पुरता लागू झालेला नव्हता.

तरीही काम पुढे सरकले ते दोन साधनांनी. राजाने प्रांतोप्रांती आयुक्त पाठवले, ते जोडीने: एक कॅथलिक, एक ह्यूगेनॉट. हे दोघे गावोगाव जात, दोन्ही बाजूंचे जबाब घेत, प्रार्थनेची जागा मुक्रर करीत, जप्त झालेले चर्च पाद्र्याला परत देववीत, दफनभूमीच्या हद्दी आखून देत. दुसरे साधन म्हणजे मिश्र न्यायासने. कास्त्र, ग्रनोबल आणि बोर्दोच्या हद्दीतील नेराक येथे निम्मे न्यायाधीश कॅथलिक व निम्मे ह्यूगेनॉट अशी न्यायासने बसली. पॅरिसमध्येही यासाठी स्वतंत्र न्यायासन झाले, जरी तेथे ह्यूगेनॉट नावापुरताच होता. निम्मे-निम्मे म्हटले की मते समसमान पडून खटले अडकणार, हे उघड होते, आणि तसे ते अडकतही. पण ज्याला काल आपला मुलगा मारणाऱ्यांचा पक्ष म्हणून ओळखले, त्याच्यासमोर आज शेताच्या बांधाचा दावा मांडावा लागणे, आणि त्या बाकावर आपल्या पंथाचाही एक माणूस बसलेला दिसणे, याचे मोल मोठे होते. तंटा संपला नाही. तो रस्त्यावरून कचेरीत आला. शांततेची पहिली पायरी एवढीच असते.

हळूहळू गावांचे जीवन पूर्वपदावर आले. दक्षिणेतील शहरांत दोन्ही पंथांची माणसे भागीदारीत धंदा करू लागली, एकमेकांच्या दस्तांवर साक्षी घालू लागली, काही ठिकाणी एकमेकांत लग्नेही झाली. पॅरिसच्या ह्यूगेनॉटांना प्रार्थनेसाठी दूर जावे लागे. १६०६ साली राजाने त्यांना शाराँताँ येथे, म्हणजे आपल्याच आज्ञेतील पाच लीगच्या मर्यादेच्या पुष्कळ आत, मंदिर बांधण्याची परवानगी दिली. कायद्याचे अक्षर बाजूला सारून सोय पाहणे हा त्या राजाचा स्वभाव होता. परंतु सोय राजाच्या मर्जीने मिळाली की ती राजाच्या मर्जीनेच राहते. या शांततेची सर्वांत मोठी उणीव हीच होती.

आणखीही दोन उणिवा होत्या. ह्यूगेनॉटांच्या मनात विश्वास उत्पन्न व्हावा म्हणून शंभराहून अधिक गावे व किल्ले आठ वर्षांच्या बोलीने त्यांच्या ताब्यात ठेवले होते, आणि तेथील शिबंदीचा खर्च राजा देत होता. ज्या हमीने एका पक्षाला झोप लागत होती तिनेच दुसऱ्याची झोप उडत होती. राज्यात दुसरे राज्य उभे राहिले आहे, अशी भाषा सुरू झाली. दुसरी उणीव शब्दांत होती. राजाज्ञेत सर्वत्र ह्यूगेनॉटांच्या धर्माचा उल्लेख ‘तथाकथित सुधारित धर्म’ असाच आहे. ज्यांना आसरा दिला त्यांच्या श्रद्धेच्या नावामागेही ‘तथाकथित’ हे बिरुद! सर्व प्रजा पुन्हा एका धर्मात यावी अशी आशा प्रस्तावनेत व्यक्त केलेली आहे. त्या काळच्या फ्रेंच भाषेत एखादी गोष्ट ‘सहन करणे’ म्हणजे टाळता न येणारे दुखणे सोसणे. मराठीतही सहिष्णुता आणि सहन करणे यांचा धातू एकच आहे. सोसणाऱ्याचे बळ वाढले की तो सोसणे थांबवतो.

१४ मे १६१० रोजी पॅरिसच्या एका अरुंद रस्त्यावर रावाय्याक नावाच्या धर्मवेड्याने हेन्रीला भोसकून ठार केले. आठवड्याभरातच राजमाता मारी द मेदिचीने नान्तची आज्ञा कायम असल्याचे जाहीर केले. व्यवस्था राजाच्या मरणातून वाचली खरी, पण भीती परत आली. १६२० नंतर तेरावा लुई आणि ह्यूगेनॉट सरदार यांच्यात पुन्हा युद्धे पेटली. १६२१ साली मोंतोबाँच्या वेढ्यात एक बडा कॅथलिक सरदार पडल्याची बातमी पॅरिसला येताच जमावाने शाराँताँचे मंदिर जाळले. दोन वर्षांत ते पुन्हा बांधले गेले. १६२७ साली रिशल्यूने ला रोशेल या ह्यूगेनॉटांच्या बंदराला वेढा घातला. चौदा महिन्यांनी, २८ ऑक्टोबर १६२८ रोजी, शहर शरण आले तेव्हा सत्तावीस हजारांच्या आसपास असलेल्या लोकवस्तीपैकी जेमतेम पाच हजार उरले होते. बाकीची बहुतेक भुकेने व रोगाने मेली होती. पुढच्या वर्षी आलेसच्या आज्ञेने ह्यूगेनॉटांचे किल्ले आणि फौजा गेल्या. त्यांच्या प्रार्थना, न्यायासने व नागरी हक्क मात्र रिशल्यूने शाबूत ठेवले.

किल्ले गेल्यानंतरची तीस वर्षे त्या मानाने स्वस्थतेची गेली, ही मोठी विचार करण्याजोगी गोष्ट आहे. निम, माँपेलिए अशा शहरांच्या नगरसभांत दोन्ही पंथांना निम्म्या-निम्म्या जागा देण्याची पद्धत पडली. १६४८ नंतरच्या बंडाळीत कॅथलिक सरदार राजाविरुद्ध उठले, तर ह्यूगेनॉट राजनिष्ठ राहिले, आणि १६५२ साली तरुण चौदाव्या लुईच्या नावाने त्यांच्या निष्ठेची जाहीर प्रशंसा झाली. आता त्यांच्याजवळ तटबंदी नव्हती, होता तो कायदा. परंतु कायदा हे निःशस्त्र माणसाचे एकमेव संरक्षण असते तेव्हा तो कोण वाचतो आणि कसा वाचतो यावर सर्व काही अवलंबून राहते.

१६६१ साली चौदाव्या लुईने कारभार स्वतःच्या हाती घेतला. त्याने नान्तची आज्ञा रद्द केली नाही. तिची ‘काटेकोर’ अंमलबजावणी करावयाचे ठरवले. हेन्रीच्या वेळेप्रमाणेच जोडीजोडीने आयुक्त नेमले गेले. पण आता त्यांचे काम प्रत्येक मंदिराचे मूळ कागदपत्र तपासण्याचे होते. १५९६ सालची प्रार्थना सिद्ध करणारा कागद युद्धात जळाला असेल तर मंदिर पाडा! आज्ञेने जे स्पष्ट शब्दांत दिले नाही ते नाकारले आहे असे समजावे, असा अर्थाचा नियम धर्मोपदेशकांनी मांडला आणि अधिकाऱ्यांनी उचलला. आज्ञेत दफनभूमीचा हक्क होता. दिवसाच्या कोणत्या वेळी दफन करावे हे लिहिलेले नव्हते. तेव्हा १६६२ पासून पहाटे किंवा तिन्हीसांजेलाच प्रेत न्यावे, आणि बरोबर ठरावीकच माणसे असावीत, असे हुकूम निघू लागले. शाळा चालवण्यास परवानगी होती; ती एकच असावी आणि तीत फक्त लेखन, वाचन व हिशेब शिकवावे असे ठरले. १६६९ साली पॅरिस व रुआँ येथील खास न्यायासने बंद झाली, १६७९ साली उरलेली मिश्र न्यायासनेही मोडली. पंथद्वेष संपला असल्यामुळे त्यांची गरज उरली नाही, असे कारण देण्यात आले! १६८० साली ह्यूगेनॉट सुइणींना काम करण्यास बंदी झाली. १६८१ साली सात वर्षांचे मूल स्वेच्छेने कॅथलिक होऊ शकते, असे ठरवण्यात आले. शेकडो मंदिरे पडली. यातील एकाही हुकुमाला युद्ध लागले नाही. लागली ती दौत, लेखणी आणि अर्थ लावण्याची चतुराई.

त्याच वर्षी प्वातू प्रांतात घोडेस्वार शिपायांना ह्यूगेनॉटांच्या घरी उतरवण्याची युक्ती निघाली. घरमालक धर्म बदलीपर्यंत ते त्याचे खात, मोडीत, छळीत. १६८५ मध्ये हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली, आणि धर्मांतरांच्या याद्या राजाकडे जाऊ लागल्या. ऑक्टोबर १६८५ मध्ये फाँतेनब्लो येथे लुईने नान्तची आज्ञा रद्द केली. बहुतेक ह्यूगेनॉट आता कॅथलिक झाल्यामुळे ती आज्ञा निरुपयोगी झाली आहे, असे तिच्या प्रस्तावनेत म्हटले होते. आपल्याच अधिकाऱ्यांनी तयार केलेल्या याद्यांवर राजाचा विश्वास बसला असावा. धर्मोपदेशकांना पंधरा दिवसांत देश सोडण्याचा हुकूम झाला; इतरांना देश सोडण्याची बंदी, आणि सोडताना सापडल्यास पुरुषांना जन्मभर गलबतावर वल्ही मारण्याची शिक्षा. शाराँताँचे मंदिर त्याच महिन्यात पाडले गेले. एकदा जमावाने जाळलेले मंदिर पुन्हा उभे राहिले होते. सरकारी हुकुमाने पाडलेले पुन्हा उठले नाही.

बंदी असूनही दीड ते दोन लाख माणसे सीमा ओलांडून हॉलंड, इंग्लंड, स्वित्झर्लंड आणि ब्रांडेनबुर्गला गेली. इंग्रजीतील ‘रेफ्यूजी’ हा शब्द त्यांच्याबरोबरच तिकडे गेला. लुईचाच किल्लेबंदीचा तज्ज्ञ व्होबाँ याने १६८९ साली, गेलेल्यांना परत बोलवावे, त्यांच्या जाण्याने राज्याचे धन, कसब आणि उत्तम शिपाई गेले, असे निवेदन करण्याचे धैर्य दाखवले. ते मान्य झाले नाही. १७०२ मध्ये सेव्हेनच्या डोंगरात शेतकरी व विणकर यांनी बंड केले. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी शमलेली आग पुन्हा पेटली. पुढील काळात पाद्र्यापुढे न झालेले ह्यूगेनॉटांचे विवाह कायद्याने विवाहच नव्हते आणि त्यांची मुले औरस नव्हती. जन्म, विवाह व मृत्यू यांची कायदेशीर नोंद करण्याचा हक्क त्यांना १७८७ मध्ये, सोळाव्या लुईच्या आज्ञेने मिळाला. दोनच वर्षांनी क्रांतीच्या जाहीरनाम्याने धर्ममत हा माणसाचा अधिकार मानला, आणि राजाच्या कृपेचा प्रश्नच मिटला.

हा फरक सर्वांआधी ओळखला तो निर्वासितांनी. रॉटरडॅममध्ये आश्रय घेतलेला पिएर बेल हा विचारवंत. त्याचा पाद्री असलेला भाऊ १६८५ साली फ्रान्समधील तुरुंगात मरण पावला. पुढच्याच वर्षी बेलने सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध जो ग्रंथ लिहिला, त्यात चुकीच्या वाटणाऱ्या श्रद्धेलाही सक्तीपासून मुक्त राहण्याचा हक्क आहे, असे प्रतिपादन केले. नान्तच्या आज्ञेत हे वाक्य नव्हते. ते असते तर ती टिकली असती असे म्हणवत नाही; पण ते नसल्यामुळे ती मोडणे सोपे गेले एवढे निश्चित.

मग हेन्रीचा प्रयत्न वाया गेला काय? तसे म्हणता येत नाही. युरोपातील एका मोठ्या राज्यात दोन पंथ एका कायद्याखाली पिढ्यानुपिढ्या राहू शकतात, हे त्याने करून दाखवले. त्या राजाज्ञेच्या छायेत मुले जन्मली, वाढली, म्हातारी होऊन स्वतःच्या पंथाच्या दफनभूमीत विसावली. आजोबांच्या काळी जे घडले होते ते त्यांना पाहावे लागले नाही. एखाद्या कायद्याने एवढे केले तर त्याने थोडे केले असे कोण म्हणेल?

१९८५ साली नान्तची आज्ञा रद्द झाल्याला तीनशे वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने फ्रान्सचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा मितराँ यांनी ह्यूगेनॉटांच्या वंशजांची राज्याच्या वतीने क्षमा मागितली. हेन्रीने प्रजेला विसरावयास सांगितले होते. मितराँ यांनी राज्याला आठवावयास लावले. दोन्ही गोष्टी परस्परविरुद्ध दिसल्या तरी त्या वेगवेगळ्या वेळच्या गरजा आहेत. जखम ओली असताना सूड विसरावा लागतो, नाही तर उद्याचा दिवस उजाडत नाही. जखम भरल्यावर अन्याय आठवावा लागतो, नाही तर तो पुन्हा नियमांच्या वेषात दाराशी येतो. या दोहोंच्या मधला जो लांब काळ असतो, त्यात शांततेचे रक्षण राजे करीत नाहीत. ते करतो एखादा न्यायाधीश, जो समोरच्याचा पंथ न विचारता बांधाचा निकाल देतो. एखादा गावचा अधिकारी, जो दुसऱ्या पंथाच्या मृतासाठीही वेळेवर जागा आखून देतो. आणि एखादा कारकून, ज्याला कायद्याच्या एका कलमाचे दोन अर्थ दिसत असतात आणि जो त्यांतला माणसांना एकत्र नांदू देणारा अर्थ निवडतो. १५९९ मध्ये जोडीने निघालेल्या आयुक्तांनी तो निवडला, १६६१ नंतर जोडीने निघालेल्यांनी निवडला नाही. राजाज्ञा मात्र दोघांच्याही हाती एकच होती.